निळ्या जास्वंदीचा शोध

आधी चहा घ्या, गरम आहे तोवर. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी असा काही तोंडावर आपटलोय की ऐकून झाल्यावर तुम्हाला माझी कीव येईल!

आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सुलभाची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, लाल जास्वंद. चांगली माझ्या खांद्याएवढी. रोज सकाळी तिचं एक फूल आमच्या गणपतीला. त्या झाडावर सुलभाचा जीव. माझ्यावर आहे की नाही, हे विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही.

तर सुलभा तिच्या बहिणीकडे निघाली, खडकवासल्याला. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. रिक्षात बसताना मला म्हणाली, "अहो, बाकी काही नाही केलंत तरी चालेल. माझ्या जास्वंदीला तेवढं सांभाळा."

"अगं, झाडच आहे ते! त्यात काय सांभाळायचंय?"

बघा, इथेच माशी शिंकली.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'हिरवी गच्ची'. सगळे बागवेडे. कोणी ताटाएवढा डेलिया टाकतो, कोणी कुंडीतली लिंबं. मी आमच्या लाल जास्वंदीचा फोटो टाकला, तर अख्ख्या ग्रुपमधून एक नमस्कार आला. तोही चुकून आला असावा! सांगा, माणसाला राग येणार की नाही?

त्याच दुपारी फोनमध्ये मला 'एडिट' सापडलं. त्यात रंगाची एक पट्टी असते. जरा सरकवली, फूल केशरी. आणखी सरकवली, गुलाबी. शेवटपर्यंत नेली आणि अहाहा! निळी जास्वंद! दिला ग्रुपवर टाकून. खाली लिहिलं, 'आमच्या बाल्कनीतली.' आता मला सांगा, यात खोटं काय आहे? बाल्कनी आमचीच होती!

फोन जो वाजायला लागला! ग्रुपच्या प्रमुख परचुरेबाई, शनिवार पेठेतल्या. या बाईंनी आजवर कोणाला 'छान' म्हटलेलं नाही. त्यांनी लिहिलं, 'छान.' मी घरातल्या घरात एक गिरकी घेतली हो!

लगेच त्यांचा फोन. "तांबे, पानं जांभळी कशी?"

"खताचा परिणाम."

"आणि फूल धरलंय तो तुमचा अंगठा? तोही जांभळाच दिसतोय."

अरे देवा! पट्टीने अख्खा फोटोच रंगवला होता. "खत मी हातानेच घालतो ना," मी म्हटलं.

"कुठलं खत?"

आली का पंचाईत? मी इकडेतिकडे पाहिलं. वॉशिंग मशीनवर कपड्यांच्या निळीची बाटली होती. "आंबट ताकात नीळ कालवायची," मी ठोकून दिलं. "थोडी थोडी घालायची. झाडाला सवय लागू द्यायची."

दुसऱ्या दिवसापासून लोक दारात! हातात पिशवी, पिशवीत ओलं फडकं. "तांबे, एक फांदी हवी होती." पुण्यात चहाचं 'घेणार नसालच ना?' असं विचारून भागवता येतं. फांदीचं तसं नाही. फांदी मागितली की द्यावीच लागते.

बरं, झाडावर फुलं तर लालभडक! म्हणून बेल वाजली की मी आधी बाल्कनीत पळायचो, फुलं खुडून खिशात कोंबायचो आणि मग दार उघडायचो.

"आज फूल नाही वाटतं?"

"निळी जास्वंद नाजूक असते हो. रोज नाही फुलत."

असं करत करत सगळ्या फांद्या गेल्या. जास्वंदीची नुसती काठी उरली! गणपतीला मी दूर्वांवर भागवत होतो आणि त्याच्या नजरेला नजर देत नव्हतो. सुलभाचा रोज फोन. "जास्वंद कशी आहे?" "मजेत!"

आणि एका सकाळी ग्रुपवर फोटो आला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शबानाताईंचा. त्यांच्याकडेही लाल जास्वंद, सुलभानेच दिलेल्या फांदीची. फोटोत चक्क निळं फूल! खाली लिहिलेलं, 'तांबेकाकांची नीळ लागू पडली!'

मी उडालोच! तुम्ही म्हणाल, तांबे, ही थाप तुमचीच ना? हो, माझीच. पण त्या क्षणी मला काय वाटलं असेल? वाटलं, थाप मारता मारता आपल्या हातून शोध लागला! नावाने सत्कार होईल, शाल मिळेल! मी घरातलं होतं नव्हतं तेवढं ताक बादलीत ओतलं, निळीची अख्खी बाटली उपडी केली आणि आमच्या काठीला शेंड्यापासून मुळापर्यंत आंघोळ घातली. म्हटलं, फुटू दे आता निळी!

आणि तसाच खाली धावलो. "शबानाताई! फूल कुठंय? दाखवा आधी!"

त्यांनी दार उघडलं. तोंडाला पदर लावून हसत होत्या. समोर खिडकीत कुंडी. कुंडीत फूल. लाल!

"अहो, पण फोटोत तर निळं..."

"काका, तुमच्या फोटोतलं कसं निळं झालं होतं?"

मी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हटलं, "ताई, पाया पडतो, या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका. मला तुमची एक मोठीशी फांदी द्या. सुलभा परत यायच्या आत कुंडीत खोचून ठेवतो."

"फांदी देते की. पण फोटो मी नाही केला हं काका. मला कुठे येतंय ते!"

"मग कोणी केला?"

आतून कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ सुलभा! बॅग बाजूला, पायात अजून प्रवासातल्या चपला. शबानाताईंनी तिला केव्हाच सगळं कळवलं होतं. ती खडकवासल्याहून थेट इथेच उतरली होती.

"मी केला," ती म्हणाली. "ती पट्टी मलाही सरकवता येते. बरं, ते राहू द्या. माझी जास्वंद कशी आहे?"

माझ्या कोपरापर्यंत नीळ आणि ताक. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "आता खरंच निळी आहे."