कुत्र्याला किनाऱ्यावर नेलं तेव्हा

आमच्या कुत्र्याला नाव नाही. 'ये' म्हटलं की येतो, 'हो तिकडं' म्हटलं की जातो, मग नाव कशाला पाहिजे? पिल्लू होता तेव्हा बंदरावर जाळ्यांच्या ढिगात सापडला. तेव्हापासून माझ्या मागे आहे. त्याला कोणी काही शिकवलं नाही. सकाळी मी किनाऱ्यावर जायचो, तो मागून यायचा. मी तिथं जे करायचो ते तोही करायचा, थोडा लांब, माझ्याकडे पाठ करून. मग दोघं घरी. इतक्या वर्षांत त्यानं घरात एक थेंब सांडला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा उघड्यावर जातो आणि वर लिहून सांगतो. घरात संडास आहे. मुलानं टाइल लावून चांगला बांधलाय. पण मी तांडेल. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य, त्याच्या शब्दावर बोट वळते. जन्म पाण्यावर गेला. चार भिंतींत कडी लावून बसायचं म्हणजे जीव कोंडतो. पंचायतीची माणसं शिट्ट्या फुंकत किनाऱ्यावर आली होती, त्यांनाही मी जुमानलं नाही. सून माकुणसारची, वाडीवाल्यांची, म्हणजे बागायती करणाऱ्यांची मुलगी. तिला माझी लाज वाटायची. वाटू दे म्हटलं.

मग पावसाच्या आधी बोट वर ओढताना मी पडलो. खुब्याचं हाड मोडलं. पालघरला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. डॉक्टरनं दोन गोष्टी बजावल्या. उकिडवं बसायचं नाही, आणि चालायचं ते वॉकर धरून. पहिली ऐकावीच लागली. मुलानं संडासात खुर्चीसारखं भांडं बसवून घेतलं. दुसरी मी अर्धी ऐकली. घरात वॉकर धरायचो, उंबऱ्याबाहेर नाही. आमच्या अख्ख्या चिंचणी गावानं मला सुकाणू धरलेलं बघितलंय, त्यांच्यासमोर ती ॲल्युमिनियमची घोडी ढकलत जायचं? त्यापेक्षा घर बरं. बसलो घरात. पावसाळा सरला, बोटी पाण्यात उतरल्या, इंजिनांचे आवाज मी खाटेवरून ऐकले.

कुत्रा बिघडला तो ह्याच दिवसांत. आधी एकदा पडवीच्या आतल्या बाजूला घाण केली. वाटलं, पाऊस होता, बाहेर गेला नसेल. मग रोज होऊ लागलं, आणि जागा एकच, संडासाच्या दारासमोर. मुलगा बोईसरला कारखान्यात आहे. पाळीवरून आला की त्याला दोरी बांधून रस्त्यावर न्यायचा. कुत्रा फिरून यायचा, शेपटी हलवायचा, आणि आत आल्यावर त्याच लादीवर बसायचा. सून फिनेल ओतून ओतून कंटाळली. मी ओरडलो, तर कान पाडून माझ्याकडे असा बघायचा की चूक माझीच आहे.

बोईसरच्या जनावरांच्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, लघवी तपासली. ती लघवी प्लास्टिकच्या डब्यात धरायला सून कुत्र्यामागे अंगणभर पळाली होती, ते एक निराळंच. डॉक्टर म्हणाला, कुत्रा ठणठणीत आहे. घरात काही बदललं का? मुलगा म्हणाला, काहीच नाही. मलाही तसंच वाटलं.

तोवर नात रांगायला लागली होती. एका सकाळी तिचा हात त्यातच पडला. सुनेनं तिला उचललं, साबणानं हात धुतले, आणि माझ्या खाटेजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, मला वाईट बोलायचं नाय. पण हा आता दातिवऱ्याला ताईंकडे जाऊ दे. त्यांच्याकडे मोठं अंगण हाय."

ताई म्हणजे माझी मुलगी. ती कुत्र्याला नीट सांभाळील, त्यात शंका नाही.

"तो माझ्याशिवाय जेवत नाय," मी म्हणालो.

"जेवेल. भूक लागली की सगळे जेवतात. रविवारी ह्यांना सुट्टी हाय, नेऊन सोडतील."

भांडायला काही नव्हतं. पोरीच्या हाताला लागलेलं मी बघितलं होतं. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. कुत्रा खाली पाय पसरून झोपला होता. त्याला दातिवरे कुठं आहे ते काय ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी संडासाची कडी काढून बाहेर आलो, तर हा समोरच बसलेला. माझ्याकडे पाठ, मान समुद्राकडे. अगदी किनाऱ्यावर बसायचा तसा. सून स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी होती. तिनं मला बघितलं, कुत्र्याला बघितलं, आणि एकदम हसत सुटली.

"अहो बाबा! ह्याला कुठला रोग? तुमी आत जायला लागले, तो पण आत आला. त्याला वाटलं, आता जागा हीच!"

मला राग आला. "मी काय कुत्र्याचा मास्तर हाय?"

"मग कोण हाय? मी शिकवलं काय त्याला?"

"मुलगा नेतोय ना रोज?"

"ते नेतात, पण तो त्यांच्यासोबत फिरायला जातो. कामाला तुमच्यासोबत जायचा. एकदा तुमी नेऊन बघा."

"ती घोडी घेऊन?"

"नाय तर काय, माझ्या खांद्यावर बसून जाता?"

मी चहा पण घेतला नाही. सुनेचं म्हणणं खरं असलं तर कुत्र्याला इथं ठेवणं माझ्या हातात होतं, आणि ते टाळायला माझ्याकडे लाजेशिवाय दुसरं कारण नव्हतं. रविवार जवळ आला होता. कुत्रा गाडीवर मुलाच्या पुढ्यात बसून जाईल आणि मागे वळून बघेल, हे डोळ्यांपुढून हलेना. मी सदरा चढवला, वॉकर उचलला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. कुत्रा ताडकन उठला.

किनाऱ्यावर बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत घातलेले, आणि सगळ्या बाया तिथंच. तोंडं बंद असतील कशी?

"तांडेल, नवीन होडी घेतली काय?"

"चार पायांची हाय गो! इंजिन कुठलं?"

"इंजिन जुनंच हाय," मी म्हणालो. "पण तुझ्या नवऱ्याच्या इंजिनापेक्षा बरं चालतं."

त्या हसल्या, मीही मनातल्या मनात हसलो. इतके महिने मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं. पण चेहरा ताठ ठेवला, लगेच सैल सोडला तर त्या डोक्यावर बसतात.

वाळूत वॉकरचे पाय रुतायला लागले. उपट, ठेव, उपट, ठेव, असं करत मी आमच्या नेहमीच्या जागेपर्यंत पोचलो. घामानं सदरा भिजला. कुत्र्यानं वाळू हुंगली, गोल फिरला, आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "बस." तो उभाच. मी पाठ केली. तो फिरून पुढं आला आणि परत बघायला लागला. तेव्हा मला कळलं, हा माझी वाट बघतोय. मी बसल्याशिवाय हा बसायचा नाही. आणि मला तर उकिडवं बसायची मनाई.

बाया बघतच होत्या. त्यांतल्या एकीला काय झालं ते उमगलं असावं. माझ्या बहिणीच्या वयाची, तिच्यापुढे लपवायचं काय. तिनं माशांचे दोन क्रेट आणले, एकावर एक उपडे घातले.

"बसा तांडेल. कपडे सोडू नका, तेवढी मेहेरबानी करा."

मी क्रेटवर बसलो. कुत्रा दोन पावलं लांब गेला, माझ्याकडे पाठ केली, मान समुद्राकडे केली आणि बसला. बाया अशा ओरडल्या की कावळे उडाले. मला मोठी मासळी लागल्यावर झाला नसता एवढा आनंद झाला. ते मी तिथं दाखवलं नाही.

लगेच सगळं सुधारलं असं नाही. मध्ये एकदा मला उठायला उशीर झाला, तेव्हा त्यानं परत ती लादी गाठली. सुनेनं फिनेलची बाटली माझ्या हातात दिली. रविवारी मुलानं गाडी बाहेर काढली, तर ती आतून म्हणाली, "भाजी आणा. दातिवऱ्याला जायचं काय काम नाय." पुढं पुढं क्रेट लागेना. मी वॉकर टेकून उभा राहिलो तरी कुत्र्याला चालतं. मी स्वतः आता घरातच जातो, कडी लावून. सवय होते.

मुलानं वॉकरच्या चारही पायांना खाली फळीचे तुकडे ठोकून दिलेत. वाळूत रुतत नाही. कुत्र्याचं काम झालं की तो घराकडे वळतो, पण काल मी त्याला हाक मारून पुढं नेलं, झावळ्यांनी शाकारलेल्या जुन्या बोटीपर्यंत. उद्या बंदरापर्यंत जायचा विचार आहे. कुत्र्याला तिथं काही काम नाही. मला आहे. जाळी कशी ओढतात आजकालची पोरं, ते एकदा बघायचंय.