शंखांचा थर

पल्लवीने माझ्या टेबलावर दगड ठेवला आणि म्हणाली, "सर, बघा ना." पांढरट, गारगोटीसारखा कडक दगड. त्यात करंगळीच्या नखाएवढे पाच-सहा शंख.

"कुठला?"

"नांदगाव खंडेश्वरकडचा. विमलबाईंच्या विहिरीतून निघालेल्या दगडांत सापडला."

तीन वर्षांपूर्वी त्या विहिरीला पाणी का लागत नाही, हे पाहायला मीच गेलो होतो. भूजल खात्यात माझी सव्वीस वर्षं झालेली, तिची दोन.

आपल्या वऱ्हाडातला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्याचे थरावर थर आले. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला, त्यात गोगलगायी मेल्या. वरून पुन्हा लाव्हा आला. त्या दबलेल्या गाळाला आम्ही इंटरट्रॅपियन म्हणतो. माझ्या जुन्या रिपोर्टात त्याच्याबद्दल एकच ओळ होती: 'पांढरा कठीण थर, पाणी नाही.'

पल्लवीने या थराबद्दल टिपण सादर केलं. साहेबांनी ती फाइल माझ्याकडे दिली. "तुम्ही सिनियर. जागेवर जाऊन खात्री करा. तुमच्या शेऱ्याशिवाय विद्यापीठाला कळवणार नाही."

आठ दिवस मी फाइल उघडली नाही. पल्लवी रोज दारातून डोकावायची, पण विचारायची नाही. त्याचाही मला राग यायचा. शेवटी गेलो ते चूक काढायलाच. दगड दुसरीकडून आणून टाकलेला निघावा, अशी आशा होती.

विहिरीत उतरलो. तीसेक फुटांवर थर सलग दिसत होता. शंखांनी भरलेला.

वर आलो तर विमलबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या.

"खरं हाये ना साहेब?"

"खरं आहे."

"मांगच्या वेळी तुमी आलते, तवाच म्या इचारलं होतं, हे शंख कायचे हायेत. तुमी घड्याळ पाहून म्हणले, बाई, पाण्याचं बोला."

मला आठवत नव्हतं. पण बोलणं माझंच होतं.

गाडीतच शेरा लिहिला: 'थर पाहिला. शोध बरोबर आहे.' शोध कोणाचा, ते लिहिताना हात जरा अडला. मग पल्लवीचं पूर्ण नाव लिहिलं.

वर्षभराने तिचा पेपर छापून आला. माझं नाव शेवटी आभारात, ड्रायव्हरच्या आधी. ऑफिसात पेढे वाटले, मी दोन खाल्ले. जळफळाट काही कमी झाला नाही.

नव्याने रुजू होणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: शेतकरी हातात दगड घेऊन काही विचारत असेल, तर आधी दगड बघा, घड्याळ नंतर.