दोन पेडलांमधली पट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? — माहीत नाही. सांगते.

ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात, दोन पेडल. धानाच्या शेतात चिखलणी करताना बांधाच्या कोपऱ्यात झटकन वळायचं तर एकच दाबतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल लोखंडी पट्टीने जोडायचे. नाहीतर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. आमच्या कोंढा गावात हे पोरासोरांना ठाऊक आहे. मला तर असायलाच हवं — ट्रॅक्टर मी स्वतः चालवते.

चार वर्षं झाली. रोवणीचे दिवस. सकाळी चिखलणी मीच केली, पट्टी काढली. परत लावली का? — नाही. दुपारी मुरमाने भरलेली ट्रॉली जोडून धाकटे दीर निघाले. किल्ली देताना मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

मी मागून पायी येत होते. तलावाच्या पाळीवरून उतरताना ट्रॅक्टर गर्रकन फिरला आणि आडवा झाला. पोचले तर दिरांचा पाय मडगार्डखाली. "वहिनी, पाय काढा वो..."

आणि मी काय केलं? — मी दुसऱ्या बाजूने वाकले. आधी पट्टी लावली. मग माणसांना हाका मारल्या.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मेकॅनिकला पट्टी जागेवर दिसली, ब्रेक शाबूत. मग चर्चा — कंपनीचा ब्रेक एवढ्या वजनाला पुरतो का? "नाही पुरत," असं मीच ठासून म्हटलं. दिराची बाजू घेते म्हणून माझं कौतुक झालं. शेजारचा एकजण हसला, "साऱ्या गावाचे ट्रॅक्टर त्याच ब्रेकवर चालून राहिले ना! तुमच्या दिरालेच झोप लागली असन, वहिनी."

तेच चिकटलं. ब्रेक पुरला असता — दोन्ही चाकं मिळून नक्की पुरला असता. दीर सांगत राहिले, दाबला होता, दाबला होता. त्यांच्या बायकोनेही मानलं नाही. आता त्यांच्या हाती कुणी साधी मोटारसायकल देत नाही.

काल ते ओसरीवर बसले होते. म्हणाले, "वहिनी, म्या ब्रेक दाबलाच नसन. मले आता आठवतच नाही."

त्यांनी दाबला होता. मी डोळ्यांनी एक चाक थांबलेलं पाहिलं होतं.

मी म्हटलं, "जाऊ द्या भाऊजी, चहा घ्या."