पाय बघून गाणारी इग्नेशिया

कार्निव्हलच्या सोमवारी इग्नेशिया मॉडेस्ट रम पिऊन ट्रकवरून पडली आणि म्हणून तिचं बक्षीस हुकलं, ही बातमी दुपारच्या जेवणाआधीच गावभर झाली होती. संध्याकाळी तिचा पाय मोडला. मंगळवारी ती वारलीसुद्धा. बुधवारी मेलेली बाई जायफळाच्या वखारीत कामाला हजर झाली, तेव्हा काही जणांचा अगदी हिरमोड झाला. खरं एवढंच, की ती पडली नाही. शिडीला धरून, एकेक पायरी बघत, आपल्या पायांनी उतरली. आणि पहाटेपासून तिच्या पोटात आल्याच्या काढ्याखेरीज काही गेलं नव्हतं. रम प्यायली होती ती बातमी आणणाऱ्यांनी.

तिची आईही त्याच वखारीत होती. इग्नेशिया चौदाव्या वर्षी तिच्या शेजारी जाऊन बसली ती आज सेहेचाळिसाव्या वर्षीही तिथेच बसते. जायफळं पाण्यात टाकायची, तरंगेल ते पोकळ म्हणून काढायचं, बुडेल ते ठेवायचं. गाणं म्हणजे उन्हाळ्यातले, कार्निव्हलपर्यंतचे दोन महिने. सुरुवातीला ती चर्चमध्ये गायची. पण तिच्या गाण्यावर मागच्या बाकांवरच्या बायकांच्या कमरा हलू लागल्या, आणि फादरने तिला फार प्रेमाने दार दाखवलं. सोकाला, म्हणजे कार्निव्हलच्या नाचगाण्याला, तेवढंच हवं होतं.

गळा म्हणाल तर बेताचाच. तिची गंमत निराळी होती. सोका गाणारा ट्रकवर उभा राहून हुकूम सोडतो: हात वर, डावीकडे, उजवीकडे, मारा उडी. लोक ऐकतात, पण आपापल्या सवडीने. इग्नेशियाचं मात्र ताबडतोब ऐकायचे. एकदा तिने हात वर म्हटल्यावर बंदोबस्ताच्या हवालदाराने काठीसकट हात उचलले आणि काठी शेजारच्या ढोलवाल्याच्या डोक्यात बसली. गाव वर्षभर हसलं. तीही हसली.

मग अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर ते झालं. बसायला फळ्यांच्या पायऱ्या बांधल्या होत्या, वर चारशे माणसं. ती म्हणाली, उठा, मारा उडी. दुसऱ्या उडीला फळ्या करकरल्या, तिसऱ्या उडीला सगळं खाली. जीव कुणाचा गेला नाही. मार्व्हा नावाची सोळा वर्षांची पोरगी तेवढी खाली सापडली आणि तिचं कमरेचं हाड कायमचं गेलं. दोष बांधणाऱ्याचा, इग्नेशियाला कुणी चकार शब्द बोललं नाही. मार्व्हासुद्धा नाही. ती फक्त रोज सकाळी लंगडत तिच्या दारावरून जाते आणि मावशीला म्हणावं तसं म्हणते, "गुड मॉर्निंग, टांटी." ते इग्नेशियाला दिवसभर पुरतं.

तेव्हापासून ती पाय बघून गाते. आधी पाय, मग पायांखाली काय आहे ते. लाकडी धक्का असला, गच्ची असली, तर उडीचं कडवंच गाळून टाकते. खालून पोरं ओरडायची, "टांटी, नाणं हरवलंय का?" असं गाऊन माणूस दुसरा येतो, पहिला नाही. ती तीनदा दुसरी आली.

यंदाचं गाणं मात्र पोपटालाही पाठ झालं होतं. आमच्याकडे रस्त्यावर परीक्षकांचे तीन मंडप असतात. मंडपांसमोरून जाताना ज्याचं गाणं सगळ्यांत जास्त वाजेल, वर्ष त्याचं. दोन मंडप झाले तेव्हा इग्नेशिया आणि किंग डायनामो नावाचं बावीस वर्षांचं कार्टं अगदी बरोबरीत होते. तिसरा मंडप नदीपलीकडे. गाण्याच्या चोवीस वर्षांत पहिल्यांदा बक्षीस समोर दिसत होतं, आणि मध्ये पूल होता.

जूनच्या लोंढ्यात त्या पुलाच्या मधल्या खांबाखालची माती गेली होती. कुणीतरी दोन पिंपं पांढरी रंगवून ठेवली, पाटी लावली: एका वेळी एकच ट्रक. माणसांबद्दल पाटीत काही नव्हतं.

मिरवणूक काळोखातच निघाली होती; आता नुकतं उजाडलं होतं. ट्रकच्या पुढे जॅब, म्हणजे सैतानाचं सोंग घेतलेली मंडळी: अंगभर काळं तेल, डोक्यावर शिंगांचे टोप, पायांत साखळ्या, कुणाच्या हातात बडवायचे डबे, कुणाच्या तोंडाला शंख. सातशे जण तरी पुलावर शिरले. ट्रक पुलाच्या तोंडाशी आला. इग्नेशियाने सवयीने खाली बघितलं. पाय खाली आले, कठडाही खाली आला. पाय वर गेले. कठडा जरा उशिरा वर आला.

"पुलावरून उतरा," ती माईकमध्ये म्हणाली.

"पुलावरून उतरा," सातशे गळ्यांनी परत म्हटलं आणि आणखी उंच उडी मारली. त्यांना वाटलं, नवं कडवं.

"अरे, गाणं नाही हे. खरंच सांगतेय."

"खरंच सांगतेय," तालात उत्तर आलं. खालून, खांबाकडून, कुणी दात खावेत तसा आवाज आला.

ट्रकवर ताल वाजवणाऱ्या पेटीपाशी तिचा चुलतभाऊ रोली होता. "बंद कर," ती त्याला म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? मंडप पुलापलीकडे पन्नास पावलांवर आहे. डायनामो वरच्या रस्त्याने निघालाय."

"बंद कर, नाहीतर तुझी पेटी नदीत."

त्याने बंद केलं. काही फरक पडला नाही. साखळ्या, डबे, शंख चालूच. ताल आता कुणाच्याच हातात नव्हता.

तेव्हा ती शिडीवरून उतरली. पुलाकडे पाठ केली, माईक तोंडाशी धरला आणि शवपेटी खड्ड्यात उतरवताना आमच्याकडे म्हणतात ते गाणं सुरू केलं. जवळच्या साखळ्या आधी थांबल्या. मग लांबच्या. "कोण गेलं रे?" कुणीतरी हळूच विचारलं. सैतानांनी एकेक करून शिंगं उतरवून काखेत धरली. त्या गाण्यावर आमच्या गावचे पाय एकच काम जाणतात: गाणाऱ्यामागे चालायचं, वर दफनभूमीकडे. इग्नेशियाने मागे वळून पाहिलं नाही. नुसतं ऐकत राहिली, मागे पाण्यात काही कोसळतंय का ते. सात कडवी संपली, तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं. दफनभूमीच्या फाटकाशी वळली तेव्हा पुलावर एक चप्पल तेवढी उरली होती.

वर्ष डायनामोचं झालं. कार्निव्हलला मरणाचं गाणं म्हणजे अपशकुन; आता नाताळाआधी कोण जाणार, यावर म्हाताऱ्यांनी नावं काढायला घेतली. ज्यांची नावं निघाली त्यांनी इग्नेशियाशी बोलणं सोडलं. एक साहेब येऊन खांबाखाली वाकून बघून गेले. पूल आहे तसाच आहे. शेळ्या जातात.

पंधरा दिवसांनी ती पुलाजवळून घरी येत होती. हिपोलिट बेकरीवाल्याच्या ओट्यावर सात-आठ जण पाय सोडून बसले होते. "काय गं इग्गी," हिपोलिट म्हणाला, "तुझा पूल तर अजून उभाय. बक्षीस तेवढं वाहून गेलं."

सगळे हसले. इग्नेशियाने त्यांचं हसू संपू दिलं.

"उभा आहे ना? मग तुम्ही सगळे जाऊन त्यावर उभे राहा. मी गाते."