चालून दाखवा

"सलवार जरा वर घ्या. साहेबांना पाय दिसू द्या."

अव्वल कारकून हे माईकवर बोलला. सभागृह गच्च भरलं होतं. मी सलवार वर घेतली.

विधिमंडळाची समिती तालुक्याला आली होती. दिव्यांगांचं अनुदान खऱ्या माणसांना मिळतं का, हे तपासायला. सदस्य व्यासपीठावर, डोक्याला फेटे. आम्ही लाभार्थी खाली सतरंजीवर. माझा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेला. आधाराचं लोखंडी कॅलिपर लावलेला तो पाय मी सरळ पुढे ठेवून बसले होते. येणारे-जाणारे त्याला अडखळत होते.

आदल्या दिवशी आमच्या गावात, कोल्हारला, कोतवाल घरोघर सांगून गेला होता. चांगले कपडे नकोत. कॅलिपर घरीच ठेवा. नीट चालणाऱ्याचं नाव कापतात. आईला ते पटलं. "जरा वाईट दिस," ती म्हणाली. "तेवढ्यानं मरत न्हाईस."

मी ब्लाउज शिवते. स्वतः शिवलेला ड्रेस इस्त्री करून घातला. कॅलिपरही घातलं. समितीला मला एक गोष्ट सांगायची होती: अनुदान ज्या बँकेत येतं तिला उंच पायऱ्या आहेत, धरायला कठडा नाही. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती.

ती बोलायची वेळच आली नाही.

एका सदस्यानं कॅलिपरकडे बोट केलं. "हे काढा. आता चालून दाखवा."

पट्टे मांडीपर्यंत असतात. सगळ्यांसमोर सोडले. मग गुडघ्यावर हात दाबत, वाकत चालले. तशी मी फक्त घरात चालते, दार लावून. मागे कोणीतरी हसलं. माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका तिथं होत्या. त्या खाली बघत होत्या.

"ही खरी आहे," सदस्य म्हणाले.

मला बरं वाटलं. परीक्षेत पास झाल्यासारखं. मी त्यांना हात जोडले.

माझ्यानंतर एका म्हाताऱ्या बाबांना उभं केलं. त्यांना ऐकू येत नाही. कारकुनानं त्यांच्या पाठीमागे जाऊन स्टीलचं ताट वाजवलं. बाबा हलले नाहीत. टाळ्या पडल्या. माझेही हात उचलले गेले होते. बाबा माझ्याकडे बघत होते. आपण बरोबर केलं की चुकलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी हात खाली घेतले. तोंड लपवावंसं वाटलं.

तेवढ्यात फोटोग्राफर आला. माझा फोटो हलला होता. "ताई, परत एकदा चाला की. तसंच, वाकून."

मी कॅलिपर चढवलं. पट्टे आवळले. सलवार खाली सोडली. पुढे अधिकाऱ्यांच्या रांगेत पांढरा टॉवेल टाकलेली एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर जाऊन बसले.

कारकून कानाशी वाकला. "नाव कटंल, बाई. गुमान चाल."

"कटू द्या," मी म्हणाले. "पाय पुन्हा दावनार न्हाई. सरकारी डॉक्टरचा दाखला हाय, त्यो वाचा. आन् बँकंच्या पायऱ्यांचं काय करताय, ते सांगा."

समिती जेवायला उठली.

पुढच्या महिन्यात अनुदान आलं नाही. आईनं कोतवालासमोर मला शिव्या दिल्या. तो म्हणाला, फेरतपासणी आहे, एकदा चालून दाखव, मिटून जाईल.

शरम अजून गेलेली नाही. मशीनवर बसल्या बसल्या मी सलवार खाली ओढत असते. पायाची तितकी वाटत नाही. जोडलेल्या हातांची वाटते.

फेरतपासणीला मी जाणार आहे. इस्त्रीचा ड्रेस घालून, कॅलिपर लावून. त्या म्हाताऱ्या बाबांना बरोबर नेणार. कोणी ताट वाजवायला घेतलं, तर ते हातातून काढून घेणार. आधी दोघांना खुर्च्या मागणार, मग पायऱ्यांचं विचारणार. उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही. चालून दाखवणार नाही.