दोन बाप, एक दोर आणि धरणातली पंगत

मला उत्तम पोहता येतं. ही गोष्ट आमच्या घरात सत्तावीस वर्षं सगळ्यांना माहीत होती आणि एकानंही ती कधी तपासून पाहिली नव्हती.

तपासणार तरी कशी? आमचं गाव धामणगाव बढे. तिथं माझं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. विहिरीतून पाणी वर काढणं हा माझा धंदा, पाण्यात उतरणं हा नव्हे! लहानपणी मात्र मी मामाच्या मळ्यात पोहायला शिकलो होतो. आमच्याकडची रीत साधी: पोराच्या कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक काठावर मामानं धरायचं आणि पोराला मागून लाथ घालायची. (मामा फार प्रेमळ होता, म्हणून त्यानं चप्पल काढून लाथ घातली.) विहीर गोल, म्हणून मीही गोल पोहायचो. पायऱ्यांपासून निघायचं, काठाकाठानं एक चक्कर मारायची आणि परत पायऱ्यांना येऊन टेकायचं. सरळ पोहायचा प्रश्नच आला नाही. सरळ गेलं की समोर भिंत!

लग्न झाल्यावर सुमनवर, म्हणजे बायकोवर, छाप पाडायला मी त्या विहिरीची नदी केली. मुलगी झाल्यावर नदीला पूर आणला. पल्लवी शाळेत जायला लागली तोवर त्या पुरातून मी दोन म्हशी आणि एक तलाठी बाहेर काढला होता.

पुढं पल्लवीला पुण्यात नोकरी लागली, आणि तिथलाच अनिकेत नावाचा मुलगा तिनं पसंत केला. मुलगा चांगला, शांत, कमी बोलणारा. मुलाच्या वडिलांचा, सुहासरावांचा, मला फोन आला. "तब्येत कशी राखता?" या विषयावर गाडी आली तसे ते म्हणाले, "मी रोज सकाळी सहाला तलावात असतो. चाळीस मिनिटं. एक दिवस चुकत नाही."

मी गप्प बसायला हवं होतं. मी दोन सेकंद बसलोसुद्धा!

"वा! वा!" मी म्हणालो. "आमचं काही रोजचं नाही बुवा. आमी आपले पुरात पोहतो."

पाच मिनिटांत पल्लवीचा फोन. (रागावली की ती पुणं विसरते.) "बाबा, काऊन सांगतलं तुमी असं? त्याहिले थापा मारणारे लोक बिलकुल चालत नाहीत! याच्या आधीचं एक स्थळ त्याहिनं एवढ्यासाठी मोडलं, का मुलीच्या काकानं दुसऱ्याची गाडी सोताची म्हणून दाखोली!"

"अव, पण मले येते पोहता."

"बाबा, ते पुढच्या रविवारी घर पाहाले येऊन राह्यले. लग्नाचं हो-नाही तेव्हाच सांगतीन. एक दिवस, फक्त एक दिवस सरळ वागा!"

सरळच तर जमत नव्हतं ना मला!

आता मधे आला संजू. संजू म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ, धरणावर मासे धरण्याचं काम करतो. मोबाइलवर गोव्याचं काहीतरी पाहून त्यानं आपल्या दोन नावा शेजारी शेजारी जोडल्या, वर फळ्या ठोकल्या, चार कोपऱ्यांना माझ्या दुकानातले पाइप उभे केले आणि त्यावर मांडवाचं कापड ताणलं. "दाजी, याले कॅटामरान म्हणतेत," तो म्हणाला. "दिवसभर फिरा, नावेवरच जेवा, वाटलं तवा पाण्यात उडी मारा! पाव्हण्याले घिऊन या. पुण्यावाले पागल होऊन जातीन!"

मी नको म्हणायच्या आत त्यानं पल्लवीला सांगितलं, पल्लवीनं अनिकेतला, अनिकेतनं वडिलांना. सुहासरावांचा निरोप आला: "छान! आपण दोघे मिळून पोहू." मुलीच्या लग्नाची गोष्ट होती, आणि ती माझ्या पुरातल्या दोन म्हशींवर येऊन अडली होती.

रविवारी सकाळी सुमन रोडग्यांची कणीक मळत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सगळं कबूल केलं. नदी नाही, पूर नाही, तलाठी तर नाहीच नाही.

तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मले मालूम हाय."

"कवापासून?"

"लग्नाच्या दुसऱ्याच साली. तुमच्या मामाजींनी सांगतलं."

"मंग आजलोक बोलली काऊन नाही?"

"तुमी कुठी पाण्यात उतरून राह्यले होते!" ती उठली, हात धुतले आणि मागच्या दारी जाऊन पोहऱ्याचा जुना दोर घेऊन आली. "हा कमरेले बांधा. सदऱ्याच्या आतून. दुसरं टोक माह्यापाशी राहीन."

"अव, पाव्हण्यांपुढं दोर? हे काय दिसते का?"

"बुडसान तं चांगले दिससान का?"

मी दोर बांधला.

पाहुणे आले. सुहासराव गोरेपान, चष्मा, पांढरी टोपी. त्यांच्या पत्नी माधवीताई सगळ्यालाच "किती छान!" म्हणणाऱ्या. धरणाच्या काठावर संजूनं गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजून ठेवले होते. वांग्याची भाजी, वरण, तुपाची बरणी, सगळं नावेवर चढलं, मागून आम्ही चढलो. अनिकेत, पल्लवी, ते दोघे, आम्ही दोघे आणि वल्ही मारायला संजू. सुमन मला इतकी चिकटून चालत होती, की माधवीताई म्हणाल्या, "या वयातही किती प्रेम आहे बघा!"

संजूनं सगळ्यांना नारिंगी जॅकेटं दिली. सुहासरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"मला याची सवय नाही हो," ते म्हणाले. "पोहणाऱ्याला अडचणच होते."

"मले तर गुदमरल्यावानी होते," मी म्हणालो.

दोघांनीही आपापलं जॅकेट पाइपाला अडकवलं. सुहासरावांचा चेहरा मला जरा उतरल्यासारखा वाटला, पण मी तो उन्हाच्या खात्यावर टाकला.

नाव धरणाच्या मधोमध आली. समोर डोंगर, निळं पाणी, वारा. मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. मला फक्त पाण्याची खोली दिसत होती. "मग? उतरायचं का?" सुहासराव म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

"आधी जेवण!" मी एवढ्या जोरात ओरडलो की अनिकेत दचकला. बेत माझा पक्का होता. पाहुण्यांना गळ्यापर्यंत जेवू घालायचं, आपणही जेवायचं, आणि भरल्या पोटी कोणी पाण्यात उतरतं का म्हणून विषय मिटवायचा!

"वा! आधी जेवण!" सुहासरावही लगेच म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ऊन कलतं झालं होतं आणि मांडवाची सावली नावेच्या एकाच बाजूला पडत होती. संजू म्हणाला, "दाजी, अर्धे अथी बसा, अर्धे तथी. तोल राह्यते."

"पाव्हण्याले उन्हात बसवू का बे?" मी डाफरलो. म्हणून पाहुणे सावलीत बसले. मग आम्हीही त्यांच्याजवळ सरकलो, कारण आमच्याकडं पंगतीत आग्रह दुरून करत नाहीत. आग्रह हा समोर उकिडवं बसून, पाहुण्याचा हात धरूनच करावा लागतो!

सुहासरावांनी दोन रोडगे खाल्ले. तुपात चुरलेला रोडगा ज्यानं खाल्लाय त्याला कळेल, की दोन म्हणजे पुण्याच्या मानानं फार झाले. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "नको, खरंच नको."

"असं कसं? एक माह्या हातचा!" मी रोडगा पुढं केला.

"तूप तरी घ्या," सुमन बरणी घेऊन दुसऱ्या बाजूनं आली. तिच्या डाव्या मुठीत माझा दोर, उजव्या हातात तूप.

"नको हो!" सुहासराव पत्रावळ उचलून मागं सरकले. आम्ही पुढं सरकलो. ते आणखी मागं सरकले. तेवढ्यात आमचा संजू, ज्याच्या जिवावर ती नाव तरंगत होती, तो वल्ही टाकून हातात भाजीचं पातेलं घेऊन धावत आला. "थोडी भाजी तं घ्याच लागीन, भाऊ!"

सातही जणांचं वजन एका बाजूला आलं आणि गोव्याच्या त्या थाटानं मान टाकली. सुहासराव बसल्या बसल्या मागं गेले. पाण्यात पडेपर्यंत ते "नको, नको"च म्हणत होते.

"घाबरू नका," माधवीताई आम्हालाच धीर देऊ लागल्या. "ते रोज चाळीस मिनिटं..."

पाण्यातून डोकं वर आलं. टोपी नव्हती, चष्मा नव्हता. "वाचवा!" डोकं म्हणालं आणि परत खाली गेलं.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पल्लवीनं पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. लहानपणी पुराची गोष्ट ऐकताना ती अशीच पाहायची. माझे पाय फळीला चिकटून बसले होते. भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाज वाटत होती.

आता आमच्या सगळ्या नातेवाइकांत सांगतात की मी क्षणाचाही विलंब न लावता उडी मारली. खरी गोष्ट अशी, की सुहासरावांचं वजन गेल्यावर संजू ओरडला, "तिकडं सरका बे सारे!" सगळे एकदम दुसरीकडं पळाले, नावेनं उलटा झोका घेतला, आणि कडेला उभा असलेला मी हवेत गेलो. तीन रोडग्यांसह!

पाणी थंड होतं. नाकातोंडात शिरलं, डोळ्यांपुढं मामा आला. पण हातपाय काही विसरले नव्हते. ते आपोआप चालायला लागले, आणि त्यांनी मला त्यांना माहीत असलेल्या एकुलत्या एका दिशेला नेलं. गोल!

सुहासराव मधोमध हातपाय झाडत होते. मी त्यांच्याकडं जायला निघालो आणि त्यांच्या बाजूनं निघून गेलो.

"अहो, इकडे! इकडे या!"

"येऊन राह्यलो!" मी त्यांच्या पाठीमागून म्हणालो. परत समोर आलो. परत पुढं गेलो. वर नावेवर अनिकेत जॅकेटं फेकत होता. एक लांब पडलं, दुसरं माझ्या कपाळावर बसलं आणि तरंगत निघून गेलं.

दुसऱ्या फेरीला सुहासरावांचे हात हलेनासे झाले. तिसऱ्या फेरीला मी त्यांच्या छातीवर आपटलो. कमरेचा दोर त्यांच्याभोवती तीनदा गुंडाळला गेला होता, आणि आता आम्ही दोघं नाकाला नाक लावून एकाच गाठोड्यात होतो.

"तुमी तर रोज तलावात..." मी धापा टाकत म्हणालो.

"चालतो हो! उथळ बाजूला चालतो! गुडघ्यांसाठी! डॉक्टरांनी सांगितलंय!" ते रडवेले झाले होते. "आणि तुम्ही सरळ का येत नव्हता?"

"मले गोलच येते."

त्याही अवस्थेत आम्ही एकमेकांकडं पाहिलं. काय सांगू, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं! बुडत होतो, पण हलकं वाटत होतं.

"संजू, वढ!" सुमनचा आवाज आला. तिनं पाय पाइपाला रोवला होता आणि दोर दोन्ही हातांत धरला होता. (तुपाची बरणी आधी नीट ठेवून मग.) संजू, अनिकेत, पल्लवी, सगळे दोराला लागले आणि विहिरीतून भरलेला पोहरा काढावा तसे आम्ही दोन बाप वर आलो.

माधवीताई रडत होत्या, हसत होत्या. "काय तो शांतपणा! न घाबरता ह्यांच्याभोवती फिरून फिरून दोर गुंडाळला! आणि दोर आधीच कमरेला बांधून आले होते! याला म्हणतात अनुभव!"

मी मान खाली घातली. पल्लवीचा चेहरा पांढरा पडला होता, कारण तिनं तो दोर ओळखला होता. खरं-खोटं आता सुहासरावांच्या हातात होतं. थापा न चालणाऱ्या माणसाच्या!

सुहासरावांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "माधवी," ते म्हणाले, "पुरात पोहलेला माणूस आहे तो. दिसतंच ना."

"नाही, नाही," मी म्हणालो. "यांच्या गुडघ्यात ऐन वेळी वात आला. नाहीतर उलट यांनीच मले काढलं असतं."

पल्लवीनं एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं नाव परत कलंडते. काठावर आल्यावर चहा घेता घेता लग्नाची तारीखही ठरली. दोराची गाठ पाण्यानं आवळली होती, ती सुटेना, म्हणून आम्ही व्याही शेजारी शेजारी बांधलेलेच बसलो होतो. सुमननं उरलेले रोडगे आणले. कोणीही आग्रह केला नाही.

काल सुहासरावांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "मी तलावावर सगळ्यांना तुमची गोष्ट सांगून बसलोय हो. आता ते म्हणतात, लग्नाच्या आदल्या दिवशी तुमचा सत्कार करू, आणि तुम्ही पोहून दाखवायचं. मला नाही म्हणता येईना."

मी इकडंतिकडं पाहिलं, सुमन जवळपास नाही याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "सुहासराव, तुमचा तलाव गोल हाय का?"