मथुरावहिनीने गावाला डोळे मिटायला लावले

बाईच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिसलं की वस्तू तिनेच बिघडवली, असं तुम्हाला का वाटतं हो?

देवरूखच्या बाजारात मथुरावहिनीचं दुकान आहे. वीस वर्षं टीव्ही, ॲम्प्लिफायर उघडते. शिकल्याचा कागद तिच्याकडे नाही. माझ्याकडे तरी कुठे आहे?

आमच्या मुंबई मंडळाने गावच्या सभागृहाला होम थिएटर दिलं. पाच स्पीकर, एक वूफर, खोक्यावर सोनेरी शिक्का. शिक्क्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला! पण पाचही स्पीकरांतून एकच आवाज. वहिनीला बोलावलं. तिने झाकण उघडलं.

"ह्यात डीकोडरच नाही. पिक्चरचा आवाज डॉल्बी नाहीतर डीटीएसमध्ये बांधून येतो. ते गाठोडं सोडून ज्याचा त्याला वाटा देतो तो डीकोडर. हा डबा डाव्या-उजव्याचंच पाचांना वाटतोय."

मंडळाचा सेक्रेटरी स्वरूप तडकला. "वयनी, शिक्का दिसत नाय? सर्टिफाइड माल हाय!"

"कोणी तपासला? नाव दाखव. शिक्का काय, मीपण छापीन!"

सेट विकणारा दुकानदार फोनवर म्हणाला, बाईने खोलून वाट लावली. झालं! त्या दिवसापासून गावातला एक मिक्सरसुद्धा तिच्याकडे गेला नाही.

माझं डोकं फिरलं. दुकानदाराशी भांडून सीलबंद दुसरा सेट आणला, रविवारी गाव जमवलं. सील स्वरूपने फोडलं, वायरी त्यानेच जोडल्या. वहिनी दाराशी, हात पदरात. तिने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "आवाज येईल तिकडे बोट करा."

चाचणीच्या रेकॉर्डिंगमधली बाई बोलली, "मागे डावीकडे." बोटं चारी दिशांना!

मग वहिनीने त्याच स्पीकरांना आपला जुना, डीकोडरवाला ॲम्प्लिफायर जोडला. "मागे डावीकडे." सगळी बोटं मागे डावीकडे. स्वरूपचंसुद्धा.

"डोळे उघड आता," वहिनी म्हणाली.

"बरं, असेल," स्वरूप पुटपुटला. असेल? एवढंच? मंडळाने सेट बदलून डीकोडरवाला घेतला, सभागृहात टाळ्या पडल्या. वहिनीची माफी कोणी मागितली नाही. तिचं टेबल अजून रिकामं आहे, आणि लोक मिक्सर घेऊन पार रत्नागिरी गाठतात. लाज नाही वाटत?

त्या रविवारी तुमचंही बोट मागे गेलं होतं. मी डोळे उघडे ठेवले होते, पाहिलंय. उद्या सकाळी तिच्या दुकानात जा आणि बाजारातल्या चार लोकांसमोर मोठ्याने म्हणा, "वहिनी, तू बिघडवलं नव्हतंस."